सकाळी आठची गोळी : किडनी बदलल्यावरचा हिशेब कोण ठेवतं?

गणितमास्तर (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री १०.४०

माझ्या धाकट्या भावाला आईची किडनी बसवली त्याला या दिवाळीत नऊ वर्षं होतील. तेव्हापासून सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ या दोन वेळा आमच्या घरात पूजेसारख्या पाळल्या जातात. चुलतबहिणीच्या लग्नात त्याच्या मोबाइलचा गजर नेमका मंगलाष्टकांत वाजला. भटजी थांबले, त्याने गोळी घेतली, आणि आम्ही सगळे अक्षता मुठीत धरून उभे.

गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. घरात कुणाला न सांगता त्याने टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यायचं औषध) सकाळची गोळी बंद केली, फक्त रात्रीची घ्यायचा. असं दीड महिना. १.३ वर असलेलं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम मंदावलं) २.४ झालं. बायोप्सी झाली, स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, आणि आता ते १.८ वर येऊन अडकलंय. मी हिशेब केला, दीड महिन्यात त्याने वाचवले पावणेचार हजार रुपये. आईने पोट फाडून दिलेल्या किडनीतला एक हिस्सा त्या भावाने गेला. (आईला अजून हे पूर्ण सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही.)

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. औषधांबद्दल मला विचारू नका. पण त्या बायोप्सीनंतर झोप उडाली ती मी संशोधन वाचण्यात घालवली, आणि त्यातलं थोडं इथे मांडतो.

पहिली गोष्ट. किडनी बदलली की माणूस डायलिसिसवरच्या माणसापेक्षा जास्त जगतो, हे सगळे म्हणतात. पण हे सिद्ध करणं सोपं नाही. पंढरीची वारी पायी करणारे म्हातारे जास्त जगतात असा आकडा काढला, तर तो वारीमुळे की मुळातच धट्टेकट्टे म्हणून ते वारीला निघाले? तसंच इथे. डायलिसिसवरच्या रुग्णांपैकी ज्यांचं हृदय बरं, वय कमी, घरचं पाठबळ आहे, त्यांचीच नावं प्रतीक्षायादीत जातात. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासाने ही खोच नेमकी पकडली. त्यांच्याकडे २,२८,५५२ डायलिसिस रुग्णांची नोंद होती. त्यांतले ४६,१६४ यादीत होते आणि २३,२७५ जणांना मृत दात्याची किडनी मिळाली. त्यांनी किडनी मिळालेल्यांची तुलना सगळ्या डायलिसिसवाल्यांशी न करता यादीत थांबलेल्यांशी केली. वारीला निघालेले विरुद्ध वारीची पिशवी भरून दारात थांबलेले.

निकाल असा : ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीतल्यांपेक्षा २.८ पट. मग तो उतरत जातो, आणि दीड वर्षानंतर ६८ टक्क्यांनी कमी. म्हणजे आधी मोजायचं आणि नंतर मिळवायचं, असा हा सौदा आहे. मिळकत त्या 'नंतर'मध्ये आहे, आणि नंतरचं सगळं सकाळच्या गोळीवर उभं आहे.

दुसरी गोष्ट ऐकून मला हसावं की रडावं कळेना. अमेरिकेने १९७२ साली कायदा केला, की किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा खर्च मेडिकेअर ही सरकारी विमा योजना उचलेल, वय काहीही असो. पुढे सायक्लोस्पोरिन आलं, टॅक्रोलिमससारखंच औषध. डायलिसिसचा खर्च मेडिकेअर जन्मभर देत होतं. प्रत्यारोपणाचा खर्चही देत होतं. पण ६५ च्या आतल्या, अपंगत्वाची सवलत नसलेल्या माणसाच्या गोळ्यांचा खर्च? आधी एक वर्ष, मग ३६ महिने. सदतिसाव्या महिन्यात तुमचं तुम्ही बघा. गोळ्या परवडल्या नाहीत, किडनी गेली, की पुन्हा डायलिसिस, आणि ते पुन्हा सरकारी खर्चाने! छत्रीला पैसे नाहीत, न्यूमोनियाला आहेत.

याच्यावरचं संशोधन मला फार आवडलं. १९९३ ते १९९५ च्या दरम्यान ही मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली गेली. संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांच्या किडन्या किती टिकल्या ते पाहिलं. आधीच्या काळात गरीब वस्तीतल्यांच्या किडन्या श्रीमंतांपेक्षा लवकर जात होत्या. मुदत वाढल्यावर ती दरी जवळपास मिटली. ऑपरेशन तेच, औषधही तेच, बदललं ते फक्त बिल कोण भरतं हे. इतका स्वच्छ पुरावा असूनही मुदतीची अट काढायला २०२० चा डिसेंबर उजाडला आणि अंमल १ जानेवारी २०२३ पासून.

आता आपल्याकडे. २०२३ मध्ये देशात १३,००० च्या वर किडनी प्रत्यारोपणं झाली, त्यांतली बहुतेक जिवंत दात्यांची. गरज वर्षाला सुमारे दोन लाखांची असा अंदाज नेहमी दिला जातो. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. चांगलंच आहे. पण जन्मभराच्या गोळ्या साडेचार लाखांत मावत नाहीत. दरवर्षी बातमी येते ती 'इतकी प्रत्यारोपणं झाली' याची. पाच वर्षांपूर्वीच्या किडन्यांपैकी आज किती चालू आहेत, ही बातमी मी तरी मुखपृष्ठावर वाचलेली नाही.

तुमच्याकडचे अनुभव सांगा. विशेषतः गोळ्यांचा खर्च कसा भागवता ते.

आडवाटेची_मालन · मंगळवार, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. छत्री-न्यूमोनिया माझ्याकडून उधार घेतलं, उद्या ऑफिसात वापरणार. भावाला नोकरी लागली का?

गणितमास्तर · मंगळवार, रात्री ११.२०

लागली, अर्ध्या पगाराची. गोळ्या आता मी आणतो आणि पाकिटं मोजतो. त्याला ते आवडत नाही. मलाही नाही.

काढेवाले_काका · मंगळवार, रात्री ११.५२

एवढे इंग्रजी अभ्यास वाचण्यापेक्षा एक झाडपाल्याचा काढा सांगतो, क्रिएटिनिन २१ दिवसांत निम्मे. संपर्क व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने).

तालुक्याचा_डॉक्टर · बुधवार, सकाळी ६.३०

काका, व्यनि नको, इथेच बोलू. १९९० च्या दशकात ब्रुसेल्समधल्या एका वजन उतरवायच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांत चुकून ॲरिस्टोलोकिया नावाची वनस्पती आली होती. तरण्याताठ्या बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. झाडपाला 'नैसर्गिक' होताच. आणि लांब कशाला, २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला आणि आपल्या अकोल्यातही, गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने किडनीचा आजार झाल्याच्या बातम्या होत्या. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. सुदैवाने क्रीम थांबवल्यावर बरेच जण सावरतात.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाने तर काढ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कशानेही हलते. पपनस खाल्लं तरी.

मास्तर, धागा उत्तम आहे, पण तुम्ही गोष्ट शेवटून सांगताय. प्रत्यारोपण हा शेवटचा डाव. माझ्या दवाखान्यात दहा-दहा वर्षं साखरेचा आजार असलेली माणसं येतात आणि फक्त उपाशीपोटीची साखर दाखवतात. लघवीतलं अल्ब्युमिन किती जातंय ही तपासणी (एसीआर म्हणतात) कधीच केलेली नसते. चार-पाचशे रुपयांचं काम. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी ही तपासणी बोलते. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध, ३०० च्या वर म्हणजे आता मजा नाही.

आणि आता उपायही आहे. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिन या मुळात साखरेवरच्या गोळीचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, ४,३०४ रुग्ण, त्यांत साखर नसलेलेही. साधारण २.४ वर्षांत खोट्या गोळीच्या गटात १४.५ टक्के लोकांची किडनी बरीच ढासळली, निकामी झाली किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू आला. खऱ्या गोळीच्या गटात ९.२ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. त्याच वर्षी आपल्याकडे मूळ पेटंट संपलं आणि आज ती गोळी दहा रुपयांच्या आसपास मिळते. (स्वतःच्या मनाने सुरू करू नका. उलट्या होत असतील, कडक उपास असेल तेव्हा ती थांबवावी लागते. डॉक्टरला विचारा.)

दहा रुपयांची गोळी देशाला दिसत नाही, पण अवयव घेऊन ग्रीन कॉरिडॉरमधून, म्हणजे मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून, पळणारी रुग्णवाहिका टीव्हीवर थेट दिसते. मला त्या रुग्णवाहिकेचा राग नाही हो. पण.

पाठराखीण · बुधवार, सकाळी ९.१०

मी दाता आहे. २०१६ मध्ये नवऱ्याला किडनी दिली. मास्तर, तुमच्या लेखात आई एका वाक्यात येऊन गेली, म्हणून लिहिते.

मला हॉस्पिटलात सगळे सांगत होते, 'एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो, काही होत नाही.' जगते आहे. काम करते आहे. पण ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तपासणीला कुणी बोलावलं नाही. नवऱ्याची फाइल हातभर जाड, माझी फाइल म्हणजे डिस्चार्जचे दोन कागद. गेल्या वर्षी मीच हट्टाने रक्तदाब तपासला, १५० निघाला. आता गोळी चालू आहे. कदाचित वयामुळे असेल, कदाचित नाही.

आणि आकडे सांगताच आहात तर हेही सांगा, देणाऱ्या कोण आणि घेणारे कोण.

गणितमास्तर · बुधवार, दुपारी १.३०

पाठराखीण, चूक माझी. आईला एका वाक्यात गुंडाळलं. 'पोट फाडून' हे शब्दही मी असे फेकले जसं काही ती भाजी चिरत होती.

आधी दात्यांच्या धोक्याचं सांगतो, कारण इथेही तीच वारीची गंमत आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दात्यांचा मोठा अभ्यास आला. आयुष्यभरात किडनी पूर्ण निकामी होण्याचा अंदाज, दर दहा हजारांत : सर्वसाधारण जनतेत ३२६, किडनी दिलेल्यांत ९०. बघा, दात्यांचा धोका जनतेपेक्षाही कमी! हॉस्पिटलात हेच ऐकवतात. पण दाते तपासून-पारखून घेतलेले असतात. साखर नाही, रक्तदाब नाही, म्हणूनच त्यांना दाता केलं. त्यांच्यासारख्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसांत हा आकडा १४ आहे. १४ चे ९०. दहा हजारांत ७६ जास्त. मोठा धोका नाही, पण 'काही होत नाही' हे वाक्यही खरं नाही. आणि ऑपरेशनमुळे तीन महिन्यांत मृत्यू येण्याचं प्रमाण, ८०,००० वर दात्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात, दहा हजारांत ३.१ होतं. हे सगळे आकडे अमेरिकेचे, आपल्याकडच्या दात्याला दरवर्षी कुणी बोलावलं तर आपले आकडे मिळतील.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं नोंदली गेली (सगळे अवयव मिळून). पुरुषांना २९,६९५, स्त्रियांना ६,९४५. जिवंत दात्यांत मात्र बहुसंख्य स्त्रिया.

आज संध्याकाळी आईचा रक्तदाब मोजणार आहे.

बेरकी_बाळ्या · बुधवार, दुपारी २.०५

पण पुरुषांना किडनीचा आजारच जास्त होत असेल तर? आकडे काढताना हेही बघायला हवं ना मास्तर, तुम्हीच म्हणता.

पाठराखीण · बुधवार, दुपारी २.४०

बाळ्या, मग पुरुष पुरुषांना का देत नाहीत? माझ्या नवऱ्याला दोन सख्खे भाऊ आहेत. दोघांचा रक्तगट जुळत होता. एकाच्या बायकोने फोन घेतला, दुसऱ्याच्या आईने. म्हणजे माझ्या सासूबाईंनीच. 'त्याला पोरं आहेत गं.' मलाही होती.

तालुक्याचा_डॉक्टर · बुधवार, दुपारी ३.००

बाळ्याचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्याच्या बाजूने नाही. सुरुवातीच्या टप्प्यांतला किडनीचा आजार बायकांत पुरुषांपेक्षा कमी नाही, जगभरच्या पाहण्यांत उलट थोडा जास्तच दिसतो. पुरुषांचा आजार वेगाने वाढतो हे खरं. पण त्याने एकास चार होत नाही. अमेरिकेतसुद्धा प्रत्यारोपण मिळणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के बायका असतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने, म्हणजे नोटोने, प्रतीक्षायादीत स्त्रियांना प्राधान्य द्या असं राज्यांना कळवलं. पण आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत दात्यांच्या. ती यादी सरकारकडे नसते, ती घरातल्या दिवाणखान्यात ठरते.

खारपाणी · बुधवार, रात्री ९.३०

मास्तर, मी बाळापूर तालुक्यातला. आमच्या इकडं बोरचं पानी तोंडात धरवत नाई इतकं खारं. गावात किडनीचे पेशंट लय. लोकं म्हनते पान्यानंच होते.

माह्या मामाचं डायलिसिस चालू हाये तीन वर्सांपासून. डॉक्टरनं हप्त्यातून तीनदा सांगतलं, जाते दोनदाच. डायलिसिस फुकट हाये बाप्पा, अकोल्याले जानं फुकट नाई. मामासंग एक मानूस लागते, त्याची मजुरी बुडते. दोघांचं तिकीट, च्या, दुपारचं खानं. तिसऱ्या खेपीले मामाच म्हनते, 'जाऊ दे, पानी कमी पितो.' मंग सोमवारी पाय सुजून राह्यते, दम लागते.

तुमचं ते प्रत्यारोपन आमच्यासाठी चंद्रावरची गोष्ट हाये. तीनदा डायलिसिसले जाता आलं तरी बस.

तालुक्याचा_डॉक्टर · बुधवार, रात्री १०.१५

खारपाणी, तुमच्या पोस्टमध्ये अख्खं धोरण आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली, गरिबांना मोफत. यंत्राचा खर्च धरला, एसटीचा धरला नाही.

थायलंडने २००८ मध्ये वेगळी वाट धरली. सरकारी योजनेत आधी पोटाचं डायलिसिस. पोटात नळी बसवायची, पाण्याच्या पिशव्या घरी पोचवायच्या, रुग्णाने घरीच दिवसातून तीन-चार वेळा पाणी बदलायचं. खेड्यातल्या माणसाची फेरी वाचली. २०२२ मध्ये त्यांनी ही सक्ती उठवली, रुग्णाला निवड दिली, आणि लोक यंत्राच्या डायलिसिसकडे वळले, त्यासाठी पुरेशी केंद्रं नि माणसं नसताना. त्यावर तिकडे बराच गदारोळ झाला. आपल्याकडे पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्येच आल्यात, पण माझ्या तालुक्यात त्यावर असलेला एकही रुग्ण मी पाहिलेला नाही.

पाण्याबद्दल. भारतातल्या किडनीरुग्णांच्या नोंदणीचा अहवाल २०१२ मध्ये आला, ५२,००० वर रुग्ण. ३१ टक्के साखरेमुळे, आणि १६ टक्के 'कारण कळलं नाही' या रकान्यात. त्या रकान्यातली माणसं जास्त करून गरीब आणि तरुण. खारपाणपट्ट्यात मला दिसतं ते असं : पाणी खारट म्हणून माणूस मुळात कमी पितो, दिवसभर उन्हात निंदणी-फवारणी, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या. तिन्ही गोष्टी किडनीच्या मुळावर. एकट्या पाण्याला फाशी देऊ नका, बाकीचे दोघे सुटतील.

ऊसकोंडी · बुधवार, रात्री ११.००

डॉक्टर, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड कामगारांत तरुण पोरांच्या किडन्या जातात, ते हेच का? तिकडे साखर कारखान्यांवर 'पाणी, विश्रांती, सावली' असा कार्यक्रम केला, सावलीचे तंबू, ठरलेल्या वेळी सुट्टी, आणि हंगामात किडनीला होणारी इजा कमी झाली असं वाचलंय. मी बीडचा. आमच्याकडे कोयता घेतलेला माणूस पहाटे चारला फडात जातो. हंगामाच्या आधी आणि नंतर त्याचं क्रिएटिनिन एकदा बघायला कारखान्याला काय लागतं?

तालुक्याचा_डॉक्टर · बुधवार, रात्री ११.१०

हेच. आणि बायकांचंही बघा. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं धरतात, तपासणीत एकच धरतील.

अर्थात · गुरुवार, सकाळी १०.२०

लेख छान, पण मूळ प्रश्न पुरवठ्याचा आहे. दोन लाख हवेत, तेरा हजार मिळतात. टंचाई आहे तिथे बाजार होऊ द्या. इराणमध्ये १९८८ पासून मोबदला देऊन किडनी देण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. भावनेच्या आहारी जाऊन आपण लोकांना मरू देतो.

गणितमास्तर · गुरुवार, दुपारी १२.४५

अर्थात, बाजार आपल्याकडे होऊन गेला. त्याचा हिशेबही झालाय. १९९४ च्या कायद्याने खरेदी-विक्री गुन्हा ठरली, तरी धंदा चालू राहिला. २००१ मध्ये चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांना गाठून संशोधकांनी विचारलं. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला विकली होती. सरासरी सहा वर्षांनी चारांत तीन जण कर्जातच होते. कुटुंबाचं उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं होतं, कारण अंगमेहनतीचं काम पूर्वीसारखं जमेना. ८६ टक्के म्हणाले तब्येत बिघडली. तुम्ही इतरांना विकायला सांगाल का, यावर ७९ टक्के नाही म्हणाले. विक्रेत्यालाच पस्तावा होतो अशा बाजारावर अर्थशास्त्राचा विश्वास कसा बसतो ते सांगा.

बाजाराशिवाय अर्थशास्त्राने जे दिलं ते मात्र सोन्यासारखं आहे. अल्विन रॉथ, २०१२ चं नोबेल. नवऱ्याला बायकोची किडनी जुळत नाही, शेजारच्या जोडप्याचंही तेच, मग अदलाबदल करा. ती कुणाची कुणाशी लावली म्हणजे जास्तीत जास्त लोकांना मिळेल, याचं गणित. आपल्या कायद्यात अदलाबदल २०११ च्या दुरुस्तीने आली.

अर्थात · गुरुवार, दुपारी १.०५

चेन्नईचा काळाबाजार आणि इराणची नियंत्रित व्यवस्था एक नाही. पण आकडे माहीत नव्हते. वाचतो.

लेस्टरची_सुमन · गुरुवार, संध्याकाळी ६.५०

इंग्लंडात २० मे २०२० पासून कायदा बदलला. तुम्ही 'नको' असं नोंदवलं नसेल तर अवयवदानाला तुमची संमती धरली जाते. वेल्समध्ये हे २०१५ लाच आलं होतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आता रांग संपणार. प्रत्यक्षात घरच्यांना अजूनही विचारतातच, आणि घरच्यांच्या होकाराचं प्रमाण इंग्लंडात वाढायच्या ऐवजी खाली आलं. आपल्या दक्षिण आशियाई घरांत तर होकार आणखी कमी, आणि किडनीची गरज जास्त, कारण साखर. इथल्या मंदिरात दिवाळीला अवयवदानाचं टेबल लावतो आम्ही. लाडू संपतात, फॉर्म उरतात. एक आजी म्हणाल्या, 'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळी जन्मेन.' मी म्हटलं किडनी द्या मग. त्या म्हणाल्या, 'बघू.'

दहा_नंबरचा_वॉर्ड · गुरुवार, रात्री १०.३०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे, मोठ्या शहरात.

स्पेनचं उदाहरण सगळे देतात, दर दहा लाख लोकांमागे पन्नासच्या आसपास मृत दाते. आपण एकाच्याही खाली. त्यांचा संमती गृहीत धरणारा कायदा १९७९ चा, पण आकडा चढला तो १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघटना उभी केल्यावर. प्रत्येक हॉस्पिटलात अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर कोऑर्डिनेटर. ती संघटना उभारणारे डॉ. राफाएल मातेसान्झ स्वतः कायद्याला श्रेय देत नाहीत. कायदा नव्हे, रात्री तीनला जागा असलेला माणूस.

आमच्याकडे काय होतं सांगते. बाइकवरून पडलेला पोरगा, मेंदूला मार, व्हेंटिलेटरवर. चार डॉक्टरांची समिती सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासते, मेंदू मृत झालाय. पण छाती वर-खाली होते आहे, हात गरम आहे, मॉनिटरवर हृदय चालतंय. मी आईला सांगते, तो गेला. ती म्हणते, हात लावून बघ. मी काय बोलणार?

गोची पुढे आहे. आपल्या कायद्यात मेंदूमृत्यूची व्याख्या फक्त अवयवदानाच्या कायद्यात आहे. घरच्यांनी दान नाकारलं, की तोच पोरगा पुन्हा 'जिवंत' होतो, व्हेंटिलेटर चालू, बिल चालू. हो म्हटलं तर मेला, नाही म्हटलं तर जिवंत. लोकांना वाटतं अवयव काढण्यासाठी मारतायत, तर त्यांची चूक काय? डॉक्टरही म्हणून मेंदूमृत्यू जाहीर करायला कचरतात. ही एक गोष्ट सरळ झाली, मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू, दान करा वा नका करू, तर माझं अर्धं काम हलकं होईल.

मागच्या काही वर्षांत बरं झालं तेही आहे. २०२३ मध्ये अवयव हवा असलेल्या रुग्णाच्या नोंदणीसाठी रहिवासी दाखल्याची अट गेली, ६५ वर्षांची मर्यादा गेली. त्याच वर्षी देशातले मृत दाते हजारापुढे गेले.

आणि मास्तर, गोळ्यांबद्दल. तामिळनाडू आणि तेलंगणने सरकारी योजनेतून प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचीही सोय केली आहे. मृत दात्यांच्या यादीत हीच दोन राज्यं वर असतात हा योगायोग असेलही. मी रात्री तीनला एका आईकडून जी किडनी मागून आणते, ती दोन वर्षांनी गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून गेली असं कळतं तेव्हा त्या आईचा चेहरा आठवतो. तिला आपण कधी कळवत नाही. कळवूही नये.

गणितमास्तर · गुरुवार, रात्री ११.१५

यावर काय लिहू. उद्या वर्गात हीच पोस्ट वाचून दाखवेन, नाव न सांगता, चालेल?

(आईचा रक्तदाब १३८/८४. डॉक्टर म्हणाले लघवी तपासा. नऊ वर्षांत पहिल्यांदा.)

दहा_नंबरचा_वॉर्ड · शुक्रवार, पहाटे ४.०५

चालेल.

खारपाणी · शनिवार, दुपारी ४.२०

डॉक्टर साहेब, तुमी सांगतलेली लघवीची तपासनी मायची केली. मायले साखर हाये नऊ वर्सांपासून. साडेचारशे रुपये घेतले. रिपोर्टवर ४१० लिहिलं हाये. क्रिएटिनिन ०.९. ल्याबवाला म्हनते क्रिएटिनिन चांगलं हाये, टेन्शन नोका घेऊ.

तालुक्याचा_डॉक्टर · शनिवार, दुपारी ४.३२

लॅबवाल्याचं ऐकू नका. सोमवारी मायला घेऊन या, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणा. अंगदुखीच्या गोळ्या घेत असेल तर आजपासून बंद. उपाशी आणू नका, जेवून या.

खारपाणी · शनिवार, दुपारी ४.४०

सोमवारी मामाचं डायलिसिस हाये. मंगळवारी चालन का?

तालुक्याचा_डॉक्टर · शनिवार, दुपारी ४.४१

चालेल. मंगळवारी नऊला.